घरचा पाना, घरचा हिशेब
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलणे झाले, पीकविम्यावर झाले, विजेच्या बिलावर झाले. आता मोटारीच्या एक्सलवर कोणी बोलायला उभे राहिले म्हणजे मागच्या रांगेत हसू फुटणारच. शेतकीचे शिक्षण घेतलेल्या माणसांनी पिकावर बोलावे, गाडीच्या चाकाखाली कशाला शिरावे, असेही कोणी म्हणेल. पण हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला आहे. कारण तो जितका गाडीचा आहे, तितकाच आपल्या जमाखर्चाचा आहे.

शहरात दहा-बारा वर्षे पळून दमलेली लहान मोटार शेवटी कुठे येते? आपल्याकडे येते. कोरडवाहू गावात आज अशा जुन्या गाड्या दिसतात आणि त्या मिरवायला घेतलेल्या नसतात. रात्री बाळंतीण तालुक्याला न्यायची, साप चावलेल्याला दवाखान्यात पोचवायचे, तुरीचे दोन कट्टे बाजारात टाकायचे, पोराला परीक्षेला सोडायचे, यासाठी ती असते. गाडी एका घराची, पण गरज अख्ख्या आळीची. म्हणून अशी गाडी पांदणीत बंद पडते तेव्हा नुसता एका माणसाचा खोळंबा होत नाही.

आणि ती बंद पडण्याची जी कारणे आहेत, त्यांत पुढच्या चाकाचा एक्सल हे एक मोठे कारण आहे. ते बहुतेक वेळा टाळता येण्यासारखे असते आणि टळले नाही तर घरच्या अंगणात दुरुस्त होण्यासारखे असते. कसे, ते सांगतो. कधी करू नये, तेही सांगतो.

आखापासून एक्सलपर्यंत

बैलगाडी आपल्याला पाठ आहे. आख, चाक, धाव, कुणी. चाक आखावर नुसते फिरते, ओढण्याचे काम बैल करतात. आखाला वंगण दिले, कुणी जागेवर आहे ना हे बघितले, की गाडी चालली. बिघाड डोळ्यांना दिसत होता आणि सुतार-लोहार गावात होते.

पुढे जीप आली, ट्रॅक्टर आला. त्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. मागची चाके वळत नाहीत, म्हणून तिथला एक्सल सरळ आणि दणकट. जुनी अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी याही मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्या. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणारी गाडी या देशात घरोघर पोचू लागली. जानेवारी २०१४ मध्ये मारुती ८०० चे उत्पादन थांबले, पण तोवर बहुतेक लहान मोटारी याच पद्धतीच्या झाल्या होत्या.

आता अडचण बघा. पुढच्या चाकाला तीन कामे एकाच वेळी करायची असतात. ताकद घेऊन फिरायचे, स्टिअरिंगबरोबर वळायचे आणि खड्ड्यात वरखाली व्हायचे. सरळ दांडा हे करू शकत नाही. त्याला सांधे पाहिजेत. ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टला क्रॉस असतो, तसाच क्रॉस इथे चालेल का? नाही. रोटाव्हेटर चालू असताना वर उचलला की शाफ्ट खडखडतो, हे तुम्ही ऐकले आहे. कारण तिरप्या झालेल्या क्रॉसमध्ये पुढचा दांडा एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा हळू होतो. मोटारीच्या चाकाला असा हिसका बसला तर वळणावर स्टिअरिंग हातात राहणार नाही.

यावर उपाय काढला तो आल्फ्रेड झेप्पा या अमेरिकेतल्या अभियंत्याने, १९२० च्या दशकात. बाहेर एक वाटी, आत एक गोळा, दोघांना वाकड्या खाचा, आणि त्या खाचांत सहा पोलादी गोळ्या. दांडा कितीही तिरपा झाला तरी गोळ्या बरोबर मधल्या कोनात राहतात आणि चाक एकसारख्या वेगाने फिरते. चाकाकडचा सांधा हा. मेकॅनिक त्याला सीव्ही जॉइंट म्हणतात. गिअरबॉक्सकडे दुसरा सांधा असतो, तो आतबाहेर सरकतो. चाक वरखाली झाले की दांड्याची लांबी कमीजास्त व्हावी लागते, ते काम त्याचे. हे दोन सांधे आणि मधला दांडा मिळून झाला पुढचा एक्सल. डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि दोघांची लांबी बहुधा वेगळी असते.

फाटते ते रबर, मरते ते पोलाद

हे पोलाद सहसा स्वतःहून मरत नाही. प्रत्येक सांध्यावर घडीघडीचे रबरी टोपण असते, त्याला बूट म्हणतात. बुटाच्या आत काळे ग्रीस असते. बूट शाबूत तोवर सांधा लाखभर किलोमीटरसुद्धा कुरकुर करीत नाही. बूट फाटला की चाकाच्या फिरण्याने ग्रीस बाहेर फेकले जाते आणि त्या जागी धूळ, चिखल, पाणी शिरते. काळ्या मातीचा चिखल आणि उरलेले ग्रीस मिळून घासायची पेस्ट तयार होते. मग काही आठवड्यांत गोळ्या आणि खाचा खाऊन जातात.

बूट शहरापेक्षा आपल्याकडे लवकर फाटतो, याचे कारण आपल्या वाटा आहेत. पऱ्हाटी उपटून नेल्यावर उरलेली खुंटे, ज्वारीची धसकटे, बाभळीचा काटा हे सारे पांदणीत आणि वावराच्या धुऱ्यावर असतेच. त्यात चिखल घड्यांमध्ये वाळून बसतो आणि वैशाखातल्या उन्हाने रबर तडकते. म्हणून शहरातला मेकॅनिक काय म्हणतो त्यावर आपण जाऊ नये. आपली गाडी आपल्या वाटेवर चालते.

ओळखायचे कसे? तीन खुणा ध्यानात ठेवा. पहिली, चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर, काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले की बूट फाटला. ही सगळ्यांत स्वस्तातली खूण, कारण या वेळी सांधा बहुधा जिवंत असतो. दुसरी, स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवली की पुढून ‘कट कट कट’ आवाज येतो. बाहेरचा सांधा खाल्ला गेला. तिसरी, सरळ रस्त्यावर वेग देताना गाडीचे नाक थरथरते. हा बहुधा आतल्या सांध्याचा दोष. पण थरथर चाकाच्या बॅलन्सिंगनेही होते, इंजिनाच्या रबरी बैठकीनेही होते, तेव्हा एवढ्यावरून एक्सल विकत घेऊ नका.

पहिल्या खुणेवर थांबलात तर नुसता बूट, ग्रीस आणि क्लिपा लागतात. खोलण्याची मेहनत तेवढीच, पण वस्तू शेकड्यांत मिळते. दुसऱ्या खुणेपर्यंत वाट पाहिली तर अख्खा सांधा किंवा एक्सल घ्यावा लागतो आणि तो हजारांत जातो. बोंडअळीचे कामगंध सापळे वेळेवर पाहणारा आणि बोंडे किडल्यावर औषध शोधणारा यांच्यातला जो फरक, तोच इथे.

कामाला हात घालण्याआधी

जागा सपाट आणि टणक पाहिजे. नांगरटीवर किंवा मऊ मुरमावर जॅक लावू नये. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगडाची ओट द्या, हँडब्रेक ओढा. गाडी फक्त जॅकवर उभी असताना खाली डोके घालायचे नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. उचलल्यावर लोखंडी घोडी लावा. घोडी नसेल तर रुंद, भरीव लाकडाचे ठोकळे आडवे-उभे रचा. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक वापरू नका. ते इशारा न देता फुटतात. पैशाची चूक भरून निघते, गाडीखाली सापडलेला माणूस परत येत नाही. म्हणून काम एकट्याने करू नये, दुसरा माणूस जवळ पाहिजेच.

अवजारे अशी. जॅक, दोन घोड्या, मोठ्या नटाच्या मापाचा गोटी पाना, लांब दांडा आणि त्यावर चढेल असा पाईप, टॉर्क पाना, दोन लहान पहारी, लाकडी मोगरी, पक्कड, तेल धरायला घमेले, आणि नवे गिअर ऑइल. गाडीच्या सर्व्हिस पुस्तकाचे पान समोर असले पाहिजे. नटाचे माप आणि कस प्रत्येक गाडीचा वेगळा असतो.

क्रमाने काम

पहिले काम चाक जमिनीवर असतानाच करायचे. चाकाच्या मधोमध एक्सलचा मोठा नट असतो. त्याला एकतर आरपार पिन असते किंवा नटाची कडा खाचेत ठोकून वाकवलेली असते. ही पिन म्हणजे आपली जुनी कुणीच समजा. ती काढा, किंवा वाकवलेली कडा उचला. एकाला ब्रेक दाबून बसवा आणि लांब दांड्याने नट ढिला करा. गंजला असेल तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. चाकाचे नटही याच वेळी थोडे ढिले करा. एक्सलचा नट ढिला झाल्यावर गाडी ढकलायची नाही, कारण चाकाच्या बेअरिंगला आवळून धरणारा हाच नट असतो.

आता गाडी उचला, घोडीवर ठेवा, चाक काढा. गिअरबॉक्सखाली घमेले ठेवून तेल सोडा. एक्सल ओढला की त्या भोकातून तेल येणारच, ते आधीच काढलेले बरे. हे तेल नाल्यात, विहिरीजवळ किंवा वावरात ओतू नका. डब्यात भरून ठेवा. वखराच्या पासेला आणि नांगराच्या फाळाला पुसून ठेवले तर गंज चढत नाही.

मग चाकाचा गाळा बाहेर झुकवायला जागा करायची. मारुती ८०० सारख्या गाडीत खालच्या आर्मचा बॉल जॉइंट एका बोल्टने आवळलेला असतो. तो बोल्ट पूर्ण काढून पहारीने आर्म खाली दाबला की सांधा सुटतो. दुसऱ्या गाड्यांची रचना थोडी वेगळी असेल, पण तत्त्व हेच. ब्रेकच्या रबरी नळीला ताण पडू देऊ नका. ज्या गाडीला एबीएस आहे तिच्या चाकाजवळची तार आधी सोडवून घ्या.

एक्सलचे टोक चाकाच्या गाळ्यातून बाहेर ढकलायचे. जुना नट टोकाबरोबर येईल इतका आटा लावून ठेवा आणि मोगरीने ठोका. नुसत्या टोकावर लोखंडी घण घातला तर आटे दबतात आणि मग नट चढत नाही. टोक सुटले की आतल्या बाजूला या. गिअरबॉक्स आणि आतला सांधा यांच्या मध्ये दोन्हीकडून दोन पहारी लावून एकदम जोर द्या. आत एक तारेचे कडे, सर्क्लिप, अडकलेले असते. ते सुटले की सांधा बाहेर येतो. दांडा धरून ओढायचे नाही, त्याने सांधाच आतून निखळतो. पहार ऑइल सीलवर टेकवायची नाही, सील फाटले तर तेल गळत राहील. आणि दोन्ही बाजूंचे एक्सल एकाच वेळी काढू नका. काही गाड्यांत आतले दाते जागेवरून सरकतात आणि गिअरबॉक्स खोलण्याची पाळी येते.

नवा एक्सल बसवण्याआधी जुन्याशेजारी जमिनीवर आडवा ठेवा. लांबी बघा. दोन्ही टोकांचे दाते मोजा. एबीएसचे कडे जुन्याला असेल तर नव्यालाही असले पाहिजे. दुकानदार म्हणेल, ‘बसते की, सगळ्यांना हाच देतो.’ बियाण्याच्या बाबतीत हे वाक्य आपण पुष्कळ ऐकले आहे. मोजून घ्या.

ऑइल सीलच्या ओठाला ग्रीस लावा, नवे सर्क्लिप घाला, सांधा सरळ धरून आत ढकला. ‘टक’ असा आवाज आला की कडे बसले. सांध्याला धरून हलके ओढून बघा, बाहेर येता कामा नये. मग बाहेरचे टोक गाळ्यातून ओवा, बॉल जॉइंट बसवा, त्याचा बोल्ट पुस्तकाप्रमाणे आवळा. एक्सलचा नट नवा घ्या, पिन तर नवीच पाहिजे. चाक लावा, गाडी खाली घ्या, ब्रेक दाबून शेवटचा कस द्या.

हा कस अंदाजाने द्यायचा नसतो. पुस्तकात आकडा न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. सोपा हिशेब असा, की साधारण दहा न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर आडव्या दांड्याच्या टोकावर एक किलोचा भार. आकडा १७५ असेल, तर एक मीटर दांड्याच्या टोकावर साधारण अठरा किलोचा भार. दोघांनी मिळून पाईपवर लोंबकळले तर याच्या कितीतरी पट जोर बसतो आणि बेअरिंग जाते. कमी कसले तरी बेअरिंग जाते. कस दिल्यावर पिन घाला किंवा नटाची कडा खाचेत ठोका.

गिअर ऑइल भरण्याच्या भोकातून ओघळू लागेपर्यंत भरा, तीच पातळी. बहुतेक जुन्या लहान गाड्यांत अशीच सोय असते. मोकळ्या जागेत डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळण घेऊन गाडी फिरवा. आवाज नाही, गळती नाही, तर काम झाले. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा एकदा कसून बघा.

‘घरी केले म्हणजे फुकट’ हे खोटे आहे

आता आमच्या मूळ मुद्द्यावर येतो. घरी केले म्हणजे पैसे वाचले, असे आपण सहज म्हणतो. तो विचार तपासून घ्या.

कृषिमूल्य व खर्च आयोग आपल्या कापसाचा आणि ज्वारीचा उत्पादनखर्च काढतो. त्यात ए-२ म्हणजे खिशातून गेलेला खर्च. ए-२ अधिक एफएल म्हणजे त्यात घरच्या माणसांच्या मेहनतीची किंमत धरलेली. आणि सी-२ म्हणजे स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याजही धरलेले. फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली, ती सी-२ वर नव्हे, ए-२ अधिक एफएल वर मोजली गेली. आपण म्हणतो, आमची जमीन फुकट नाही, आमचे भांडवल फुकट नाही, बाईने दिवसभर केलेली वेचणी फुकट नाही. हे आपण सरकारला सांगायचे आणि घरच्या अंगणात मात्र आपलीच मेहनत शून्य धरायची, हे कसे चालेल?

म्हणून हिशेब मांडू. समजा मजुरी दिवसाला ५०० रुपये आहे. दोन माणसांचा एक दिवस म्हणजे १,००० रुपये. अवजारांची झीज आणि भाडे २०० धरा. घरचे काम १,२०० रुपयांना पडले. एक्सलची किंमत दोन्हीकडे सारखी, ती बाजूला ठेवू. आता गॅरेज चाळीस किलोमीटरवर आहे आणि गाडी चालण्यासारखी नाही. ओढून नेण्याचे समजा १,५००, गॅरेजची मजुरी १,२००, आपला एक दिवस बुडाला ५००. झाले ३,२००. घरी केले तर २,००० रुपये खरोखर वाचतात.

पण गॅरेज गावातच आहे आणि गाडी तिथवर चालत जाते, तर? १,२०० विरुद्ध १,२००. काही वाचले नाही. आणि तो दिवस वेचणीचा असला, वर आभाळ भरून आले असले, तर घरी करणे म्हणजे घाटा. अशा वेळी गावातल्या मेकॅनिकला काम द्या. तो आपल्याच गावचा पोरगा आहे, त्याचेही पोट त्यावर आहे. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः खोलू नका. बेअरिंग किंवा गिअरबॉक्स आतून गेला असेल तर आपले काम नव्हे.

मग हे शिकायचे कशाला? कारण न शिकलेल्या माणसाला हा हिशेब मांडताच येत नाही. ज्याला बूट आणि एक्सल यांतला फरक माहीत नाही, त्याच्या कागदावर बुटाऐवजी एक्सल लिहिला जातो आणि एकाऐवजी दोन लिहिले जातात. काम कोणीही करो, खराब झालेला भाग परत मागा, नव्याची पक्की पावती घ्या, खोका जपून ठेवा. बियाण्याची पिशवी आणि पावती आपण पंचनाम्यासाठी जपतो, तसे.

कुलूप कोणाच्या हातात

आम्ही बाजाराच्या विरुद्ध नाही. परमिट-परवान्याच्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, तो काळ परत यावा असे आम्हाला वाटत नाही. पण बाजार मोकळा म्हणजे दोन्ही बाजूंनी मोकळा. वस्तू विकत घेतली की ती खोलण्याचा, दुरुस्त करण्याचा, कोणाकडूनही दुरुस्त करून घेण्याचा अधिकार घेणाऱ्याचा. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. आरोप हा की अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना खुल्या बाजारात मिळू दिली नाही. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण लांबले. पण प्रश्न सरकारी संस्थेने मान्य केला, ही गोष्ट लहान नाही.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्यापुढे जी क्षेत्रे होती त्यांत मोटारी होत्या आणि शेतीची अवजारेही होती. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टल सुरू झाले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तिकडे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदाच केला आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतीयंत्रे विकणाऱ्यांना दुरुस्तीची माहिती, भाग आणि अवजारे शेतकऱ्याला देणे भाग पाडले. तिथला शेतकरी हजार एकरांचा असेल, पण त्याचेही ट्रॅक्टरचे कुलूप कंपनीच्या संगणकात होते.

हे आपल्यापर्यंत येत आहे. जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि इंजिनात इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. धूर कमी व्हावा, याला आमची ना नाही. पण एक्सलचा नट निदान पान्याने खुलतो. उद्याचा बिघाड संगणकाच्या आकड्यात दिसणार आहे आणि तो आकडा वाचण्याची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न आहे. आज ज्याला पाना धरता येतो, तोच उद्या ती किल्ली मागू शकेल. ज्याने गाडीचे झाकण कधी उघडले नाही, त्याला आपल्याला कुलूप लावले आहे हे कळणारसुद्धा नाही.

करायचे काय

आमचे तीन प्रस्ताव आहेत. त्यांवर गावपातळीवर चर्चा करून पुढच्या बैठकीला निर्णय आणावा.

एक, मिरगाच्या आधी आपण वखर-तिफण-डवरे दुरुस्त करतो, त्याच आठवड्यात गावातल्या प्रत्येक गाडीच्या पुढच्या चाकांमागे टॉर्च मारून चारही बूट बघावेत. बसलेला चिखल पाण्याने धुवावा. याला पैसा लागत नाही.

दोन, चार-पाच गावांनी मिळून एक हत्यारपेटी करावी. घोड्या, टॉर्क पाना, मोठ्या गोट्या या वस्तू वर्षातून एकदा लागतात, प्रत्येकाने घेणे हा वाया खर्च आहे. वापरणाऱ्याने ठरलेले भाडे द्यावे, वही ठेवावी. फुकट दिलेली पेटी सहा महिन्यांत रिकामी होते. आयटीआय झालेला गावचा पोरगा असेल तर पेटी त्याच्याकडे ठेवावी आणि शिकवण्याची मजुरी त्याला द्यावी. शिकायला पोरींनाही बसवा. रात्री-बेरात्री गाडी अडते तेव्हा तिच्यात बसलेली बहुधा बाईच असते.

तीन, गाडी असो, ट्रॅक्टर असो की मोटारपंप, घेताना तीन प्रश्न विचारायचे. याचे सर्व्हिस पुस्तक मराठीत किंवा हिंदीत मिळेल काय? सुटे भाग तालुक्याला मिळतात काय? बाहेरच्या माणसाने खोलले तर तुम्ही काय कराल? दहा गिऱ्हाइकांनी हे विचारले तर दुकानदार हसेल. जिल्ह्यातल्या हजारांनी विचारले तर तो वर कळवेल.

कापसाचा भाव आपल्या एकट्याच्या हातात नाही, त्यासाठी रस्त्यावर यावे लागते आणि आपण येऊ. पण खर्चाची जी बाजू आपल्या अंगणात आहे, ती आपल्याला दिसलीच पाहिजे. चाकाच्या आत ग्रीसचा शिंतोडा दिसला त्या दिवशी शेकड्यांत काम होते, तीन महिन्यांनी हजारांत. यंदा मिरगाआधी एवढे बघून घ्या.

जय किसान!